भाड्याच्या खोलीतला कूड

नऊ वर्षांत मी सहा खोल्या बदलल्या आणि सहाही ठिकाणी पहिल्याच दिवशी मला एकच वाक्य ऐकवलं गेलं: भिंतीला खिळा मारायचा नाही. कुणी ते हसत सांगितलं, कुणी दम दिल्यासारखं. एकाने तर ते कागदावर लिहून दाराला आतून चिकटवून ठेवलं होतं. मी मूळची परभणीकडची. हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढते, आणि त्याचा मला पगार मिळतो. दिवसभर असं दुसऱ्यांचं उणंदुणं काढून घरी आलं, की स्वतःच्या हाताने काहीतरी केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

म्हणून मी खिळ्यावाचून घर सजवायला शिकले. आंब्याच्या पेट्या घासूनपुसून एकावर एक रचल्या आणि त्यात पुस्तकं लावली. जुन्या चाळणीची दिव्याला शेड केली. पडद्याचा दांडा दोन भिंतींच्या मध्ये दाबून बसवला. लोक दागिन्यांचे फोटो जमवतात, मी भिंतींचे जमवते. माझ्याकडे एक ड्रिल मशीनही आहे. सहा खोल्या ती माझ्याबरोबर फिरली आणि एकदाही भिंतीला टेकली नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान खोक्यांवर नावं घालत बसावं लागत नाही.

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, ही म्हण माझ्या माणसांना उलट्या क्रमाने पाठ आहे. आधी लग्न, मग घर, मग काय हवे ते पडदे लाव. मला छत्तिसावं लागलं तरी क्रम तोच. भावाने परभणीत घर बांधलं तेव्हा वरच्या मजल्यावरची एक खोली माझी म्हणून दाखवली होती. एका दिवाळीला गेले तर तिथे घरघंटी, गाद्यांचा ढीग आणि पुतण्याची सायकल. वाईट कुणीच वागलं नाही. उलट पाहुणीची करावी तशी उत्तम सरबराई झाली, आणि तेच मला लागलं. परत येताना बसमध्ये मी ठरवून टाकलं, की आता वाट बघायची नाही. ज्या खोलीत मी राहते तेच माझं घर, मग ती भाड्याची का असेना.

ती खोली हिंजवडीजवळच्या, मुळशी तालुक्यातल्या जांबे गावातली. मालकांनी शेताच्या तुकड्यावर चार मजले चढवले आणि सगळ्या खोल्या आमच्यासारख्यांना भाड्याने दिल्या. मालक स्वतः कमी बोलणारे, मागच्या गोठ्यातल्या दोन म्हशींत रमलेले. कारभार सगळा काकूंचा. साठीच्या, ताठ, दिवसातून दोनदा जिना पुसून घेणाऱ्या. त्यांचं माहेर माले, म्हणजे पौडच्या पुढे मुळशीच्या रस्त्याला. अकरा महिन्यांचा करार, तो डिसेंबरात संपायचा, आणि पटलं नाही तर काकू पुढचा करत नाहीत, हे सगळ्या इमारतीला ठाऊक.

माझी खोली लांबट. दार उघडलं की ओटा, पलंग, वाळत घातलेले कपडे, सगळं एका नजरेत. कुरिअर घेऊन आलेल्या माणसालाही माझी उशी कुठल्या रंगाची ते कळायचं. मला मधे एक आडोसा हवा होता, पण लोखंडी कपाटाचा नको, फुलाफुलांच्या पडद्याचा नको.

तो मला ऑफिसच्या सहलीत सापडला. धरणाच्या पाण्याकाठी एका महागड्या रिसॉर्टमध्ये जेवणाच्या दालनाला कारवीच्या काठ्यांची भिंत होती. कारवी म्हणजे इकडच्या डोंगरात वाढणारं झुडूप. त्याच्या बोटभर जाडीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायच्या, की झाला कूड. रिसॉर्टवाल्यांनी खालची अर्धी भिंत लिंपली होती आणि वरची अर्धी उघडी ठेवली होती. त्या फटींतून ऊन आत येत होतं. बाकीचे सगळे ताटं घेऊन रांगेत उभे होते आणि मी भिंत चाचपत होते. कूड उभा करायला एकही खिळा लागत नाही, हे तिथेच माझ्या लक्षात आलं.

पुढचा महिना मी त्याच नादात होते. माल्यात एका शेतकऱ्याने जुना गोठा पाडला होता, त्याच्या कुडाची कारवी मी विकत घेतली आणि दुधाच्या टेम्पोतून जांब्यात आणली. जमिनीपासून छतापर्यंत दोन बांबू उभे केले, वर फडकं गुंडाळून खाली लाकडाच्या पाचरी ठोकल्या. बांबू असे घट्ट बसले की मी लोंबकळून पाहिलं. बांबूच्या आडव्या कामट्या बांधल्या, कारवी सुतळीने आवळली. शेण आणि पेंढा मालकांकडे मागितला. कुंड्यांसाठी असेल असं समजून त्यांनी दिलाही. पेंढा भाजी कापायच्या सुरीने बारीक केला, मातीत कालवला, बादलीत पायाने तुडवला. हे मला लहानपणापासून येत होतं. आमच्या घरची अंगणातली भिंत आई दरवर्षी लिंपायची आणि चिखल तुडवायचं काम माझं असायचं.

इथेच मी माती खाल्ली. आमच्याकडे सकाळी लिंपलेलं दुपारी वाळतं, म्हणून वाळणं हा कामाचा भाग आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी कूड लिंपला तो जुलैत. मुळशीचा जुलै, जिथे धुतलेली ओढणी चौथ्या दिवशीही दमट लागते. शिवाय आमच्याकडे चिखलात गव्हाचा भुसा पडतो आणि मी घातला होता भाताचा पेंढा, ज्याच्या लोंब्यांत झोडणीतून सुटलेले दाणे तसेच होते. आठव्या दिवशी सकाळी चहा घेताना पाहिलं तर माझ्या कुडाला हिरवे कोंब फुटले होते. दोन दिवसांत ते बोटभर झाले. पलंगाच्या अंगाला दाट, ओट्याच्या अंगाला जरा विरळ. फोटो काढून मैत्रिणीला पाठवला, तर तिने विचारलं, लावणी कधी?

मी हसले, पण भिंत काही वाळेना. वास जिन्यापर्यंत गेला आणि शेजारच्या खोलीतल्यांनी खाली तक्रार केली. काकू वर आल्या. त्यांना दारातूनच सगळं दिसलं. मला वाटलं आता त्या भाताला हसतील. त्या हसल्या नाहीत. कुडाकडे बघतच म्हणाल्या, "रविवारपातुर हे काढ. न्हाईतर खोली मोकळी कर."

मला वाटलं, त्यांना लाज वाटतेय. माहेरी कुडाचं घर होतं, आता चार मजले आणि चकचकीत फरशी आली, त्यात पुन्हा शेणाची भिंत कशी चालेल? मग मी उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं त्यांना समजावायला लागले. कूड उन्हाळ्यात थंड असतो, मोठमोठे आर्किटेक्ट आता हेच करतात, त्या रिसॉर्टमध्ये लोक यासाठीच जातात. माल्यात जन्मलेल्या बाईला मी कूड म्हणजे काय ते सांगत होते. आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या की हाटेलातली माणसं दोन दिवस राहतात आणि जातात, त्यांनी काय हवं ते बघावं. आणि मग खरं कारण सांगितलं. त्यांच्या वडिलांनी घराच्या कडेला चुलतभावाला कूड घालू दिला होता, शेळ्यांपुरता. चार पावसाळे गेले. मग शेळ्यांच्या जागी चूल आली, चुलीमागे माणसं आली, आणि जागा चुलत्याची झाली. वडील मरेपर्यंत त्या कुडाला पाठ करून बसायचे. इकडे सासरी जांब्यातही अर्धी जमीन गेलीच होती, आता या खोल्या तेवढ्या उरल्या होत्या.

"कूड घातला की मानूस हलत न्हाई," त्या म्हणाल्या. "मला म्हाईत हाय."

माझ्या ओठांवर आलं होतं की काकू, मला तुमची जागा नको, मी कधीही निघून जाईन. नऊ वर्षं मी हेच तर म्हणत आले होते. प्रत्येक मालकाला, भावाला, वहिनीला. मला काही नको, मी आपली कोपऱ्यात बसते. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. जागेवर हक्क सांगायची माझी इच्छा नव्हती, पण हलायचं नव्हतं हे मात्र खरं होतं, आणि खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता.

"मला हलायचंच नाहीये, काकू," मी म्हटलं. "आणि मी काही हे काढणार नाही. तुमचं घर आहे, तुम्ही काढा."

त्या आठवड्यात आईलाही सांगितलं. तिचं म्हणणं ठरलेलंच होतं.

"भाड्याच्या घरात भिंती कामून बांधायलीस बाई? लोकाच्या घराला जीव लावून काय मिळणार हाय?"

मी तिला म्हटलं की मग आपलं घर कुठलं ते सांग, तिथे जीव लावते. तिला दुखवायचं नव्हतं, पण विचारल्याचा पश्चात्तापही मला झाला नाही.

रविवारी सकाळी काकू कोयता घेऊन वर आल्या. मी दारातून बाजूला झाले, पण हात लावला नाही. त्यांनी पदर खोचला आणि सुतळ्या कापायला सुरुवात केली. कापता कापता एकेक चूक काढत होत्या. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा तर माझा धंदा, पण त्या दिवशी मला ऐकून घ्यावं लागलं. सगळ्या काठ्यांचे जाड बुडखे एकाच बाजूला ठेवलेत, म्हणून कूड खाली फुगलाय आणि वर फटी पडल्यात. एक काठी सुलटी, एक उलटी, असं लावायचं असतं. पेंढा कुणी घालतं का, तूस घालायचा, भाताच्या गिरणीत पोत्यानं पडलेला असतो. आणि आषाढात कूड लिंपणारी बाई त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. "आमच्यात भात झोडून झाल्याबिगर कुडाला कुनी हात लावत न्हाई," असं म्हणत त्यांनी कोंबांसकट एक मोठं ढेकूळ कोयत्याने माझ्या बादलीत पाडलं.

शेणमातीला मात्र त्यांनी कोयत्याच्या टोकानेच हात लावला. लहानपणी दर आठ दिवसांनी घर सारवायचं काम त्यांच्याकडे होतं आणि लग्न होऊन आल्यावर त्यांनी ठरवलं होतं, की पुन्हा शेणात हात घालायचा नाही. चाळीस वर्षं त्यांनी ते पाळलंय, सुनेलाही गोठ्यात जाऊ दिलं नाही. मला हे कळल्यावर त्यांचा राग येईनासा झाला. भांडण मात्र सोडलं नाही.

अकरा बादल्या माती मी तीन मजले उतरवून शेतात टाकली. कारवी टाकून दे म्हणाल्या, ती मी टाकली नाही. जुड्या बांधून पलंगाखाली सरकवल्या आणि त्यांना तोंडावर सांगितलं की दिवाळीनंतर परत बांधणार आहे.

"बांध," त्या जिन्यावरूनच म्हणाल्या. "डिसेंबरात करार संपतोय. तवा बघू कोन ऱ्हातंय."

पावसाळा मी कारवीवर झोपून काढला, अक्षरशः. शेजारच्या खोलीतले मुकाट झाले, आईने तीन स्थळं सुचवली, आणि मी पौडजवळच्या गिरणीतून पोतंभर तूस आणून ठेवला. तांबडी माती चाळून ठेवली. दिवाळी झाली, आजूबाजूच्या खाचरांत झोडणी सुरू झाली, आणि मी ऑफिसात चार दिवसांची रजा टाकली. कारण विचारलं तर लिहिलं, घरचं काम. साहेबांनी विचारलं, गावी जाताय का? म्हटलं, नाही, घरी.

या वेळी मी कुणाला विचारलं नाही. शेणही मालकांकडे मागितलं नाही, गोठ्यात जाऊन घेतलं. ते बघत होते, म्हशीला पाणी दाखवत राहिले. दार मी मुद्दाम सताड उघडं ठेवलं, कारण चोरून करण्यासारखं त्यात काही नव्हतं. बांबू उभे केले, काठ्या एक सुलटी, एक उलटी लावल्या, सुतळी भिजवून आवळली. वरची दोन हात कारवी उघडीच ठेवली, खालून लिंपत आले. हाताची बोटं तुसाने सोलून निघाली. पहिला थर दोन दिवसांत खणखणीत वाळला.

काकू रोज यायच्या. दारात उभ्या राहायच्या, आत यायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, बुडखं बघ, खालीवर कर.

"केलंय," मी मान वर न करता म्हटलं.

चौथ्या दिवशी त्या तासभर तरी तिथेच होत्या. मी दुसरा थर देत होते. तळव्याने अर्धगोल फिरवत नेलं की शेणमातीवर जो हात उमटतो, तो माझा नीट उमटेना, मधेच तुटायचा. काकूंनी जागचं न हलता हवेत हात फिरवून दाखवला, खांद्यातून, मनगटातून नाही. मी तसं केलं. हात उमटला.

कूड झाला. खरं सांगते, मी आजवर केलेल्या कामांत हे एकच असं आहे ज्यात मला चूक काढता येत नाही. सकाळी ओट्यापलीकडच्या खिडकीतून ऊन येतं, वरच्या उघड्या काठ्यांतून गाळून पलंगावर पडतं. मी झोपते कुठे ते आता दारातल्या माणसाला दिसत नाही. आणि डिसेंबर लागला होता.

मी मनाशी पक्कं केलं होतं. कूड काढा म्हणाल्या तर खोली सोडायची, पण या वेळी बादल्या मी वाहणार नाही. आणि पुढची खोली बघताना भाडं विचारायच्या आधी भिंतीचं विचारायचं. सातवी खोली, मग आठवी, चालेल. खोकी काढून ठेवली होती, नावं मात्र घातली नव्हती.

कराराची कामं करणारा एजंट लॅपटॉप आणि अंगठा घ्यायचं यंत्र घेऊन खाली ओसरीवर आला. काकू खुर्चीत, मालक जोत्यावर, मी उभी. सगळं बोलणं तयार ठेवून उभी होते, पण मला तोंडच उघडावं लागलं नाही. मागचाच करार पुढे चालू का, असं त्याने विचारलं आणि काकू म्हणाल्या, चालू. त्याने खोलीतल्या वस्तूंची यादी वाचली. पंखे दोन, ट्यूब दोन, गीझर एक, काही बदल?

"कूड एक," काकू म्हणाल्या. "लिव."

एजंटने वर पाहिलं. मीही. त्यांनी मग सावकाश समजावून सांगितलं, त्याला आणि त्यातून मला. घर त्यांचं, म्हणून कूडही त्यांचा. कागदावर एकदा आला की उद्या कुणी काही म्हणायला नको. मी गेले तरी कूड इथेच राहील. वडिलांना जे सुचलं नाही ते त्यांना पाच महिन्यांत सुचलं होतं.

माझ्या अंगाची आग झाली. राहू देत होत्या, हे कळलं होतं. त्यासाठी आभार मानायला हवे होते, हेही कळत होतं. पण सोललेली बोटं माझी, अकरा बादल्या माझ्या, आणि गीझरच्या खाली त्यांच्या नावावर एक ओळ. मी म्हटलं, कूड तुमचा असेल, चालेल, मी काही तो पाठीवर घेऊन जाणार नाही. पण बांधला कुणी, ते लिहा. ते लिहिणार नसाल तर हा करार राहू द्या.

एजंट हसला. म्हणाला, मॅडम, वस्तू किती तेवढंच असतं यात. कुणी बांधलं, असला रकाना नसतो.

मी काकूंकडे बघत होते आणि त्या माझ्या हातांकडे. मग त्या एजंटकडे वळल्या.

"नसंल तर घाल. कूड तिनं बांधलाय. मी हुबी ऱ्हाऊन बघितलंय."

त्याने टाइप केलं. मी लॅपटॉप माझ्याकडे वळवून घेतला, ती ओळ दोनदा वाचली, आणि मगच अंगठा दिला.